विश्लेषण : वाघनखांना गर्दी झाली, औंधच्या चित्रांना कधी होणार?

सातारा जिल्ह्यातल्या लोकांना जुलै २०२४ चांगला आठवत असेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्यात आली. १९ जुलैला मोठा कार्यक्रम झाला, मंत्री आले, मिरवणूक निघाली. त्यानंतर सात महिने छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती वाघनखं बघायला माणसं येत राहिली. शाळांच्या सहली आल्या, गावागावांतून गाड्या भरून लोक आले. ही वाघनखं नक्की महाराजांनी वापरलेलीच का, यावर वादही झाला. ज्या म्युझियमनं ती पाठवली तेही छातीठोक सांगत नाही. ग्रँट डफ हा साताऱ्याचा रेसिडेंट, त्याच्या घराण्याकडून ती तिथं गेली, एवढंच पक्कं. तरीही लोक आले. येणारच. महाराजांचं नाव जोडलं की मराठी माणूस घरी बसत नाही.

आता दुसरी गोष्ट. साताऱ्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, खटाव तालुक्यात औंध आहे. तिथं मूळपीठाच्या डोंगरावर यमाईला जाणाऱ्या वाटेवर एक संग्रहालय आहे, श्री भवानी संग्रहालय. गावात सगळे त्याला 'म्युझियम'च म्हणतात. त्यात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. एम. व्ही. धुरंधरांची चित्रं आहेत, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं काम आहे. जुनी लघुचित्रं, हस्तिदंत आणि लाकडावरचं कोरीव काम आहे. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे मूळ शिल्प आहे. हे काही तीन वर्षांच्या बोलीवर उसनं आणलेलं नाही. ते औंधचंच आहे, कायमचं.

वाघनखं ठेवली ते साताऱ्याचं संग्रहालय आणि औंधचं संग्रहालय दोन्ही एकाच खात्याच्या, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यात. जिल्हा एक, खातं एक. पण एकीकडे गर्दी आणि दुसरीकडे शांतता. हे असं का, आणि त्यात खटाव-माणच्या माणसाचं काय नुकसान होतंय, हा प्रश्न या घडीला विचारायलाच पाहिजे. कारण सध्या वारशाला कधी नव्हे एवढे दिवस आलेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. त्याच वर्षी राज्य सरकारनं रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली. सरकारचं लक्ष वारशाकडे वळलंय आणि पैसाही वळतोय. तो औंधच्या डोंगरावर चढणार का, एवढंच बघायचं.

चित्रं काढणारा राजा

हे संग्रहालय ज्यानं उभं केलं तो माणूस समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब. जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये गादीवर आले, १९५१ मध्ये वारले. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांच्या काळातलं. या घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्र्यंबक हे कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचे. संस्थान तसं छोटं, जेमतेम ७२ गावांचं, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे. पाऊस तर सगळीकडेच बेताचा. बडोदा किंवा ग्वाल्हेरसारखा खजिना इथं नव्हता.

पण या राजाला चित्रकलेचं वेड होतं. विकत घेऊन भिंतीवर टांगण्यापुरतं नाही, स्वतः कुंचला घेऊन बसण्याचं. रामायणाची चित्रं त्यांनी काढली आणि १९१६ मध्ये 'चित्ररामायण' छापून काढलं. वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये पुस्तकं लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवली, तेव्हा त्या कामाला त्यांनी लाखाची देणगी कबूल केली. नुसते पैसे देऊन थांबले नाहीत, त्या ग्रंथासाठी चित्रंही केली. आज जगात कुठल्याही विद्यापीठात ते जाडजूड खंड उघडले तर पहिल्या पानावर औंधच्या राजाचं नाव चित्रकार म्हणून छापलेलं आहे. खटाव तालुक्यातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं?

त्यांची चित्रं फार मोठ्या दर्जाची होती असं म्हणण्याचं कारण नाही. रविवर्म्याच्या शेजारी ठेवली तर हात कुठे कमी पडतो ते दिसतं. पण त्यामागचा विचार बघण्यासारखा आहे. रविवर्म्यानं देवींना नऊवारी नेसवली आणि त्याच देवी कॅलेंडरांतून घराघरांत पोचल्या. बाळासाहेबांचं म्हणणं वेगळं. राम-सीता, पांडव-द्रौपदी ज्या काळातले, त्या काळाचा पेहराव शोधायचा कुठे? तर जुन्या लेण्यांत, जुन्या शिल्पांत. म्हणून त्या महाभारताच्या पानावर ही चित्रं प्राचीन नमुन्यांवरून केली आहेत असं मुद्दाम छापलं आहे. पटो न पटो, एका दुष्काळी मुलखातला राजा शंभर वर्षांपूर्वी बसून असा विचार करत होता.

त्यांच्याभोवती माणसंही तशीच जमली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आज वेदांचे अभ्यासक म्हणून ठाऊक आहेत, पण मुळात ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. लाहोरहून निघून ते औंधला आले आणि जवळजवळ तीस वर्षं इथं राहिले. त्यांचा मुलगा माधव सातवळेकर मोठा चित्रकार झाला आणि पुढे राज्याचा कला संचालक झाला. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० मध्ये कुंडलजवळची ओसाड जमीन याच राजानं दिली, तिथं किर्लोस्करवाडी झाली. राजा स्वतः कीर्तन करायचा. सूर्यनमस्काराचं तर एवढं खूळ, की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. त्या पोरांना तेव्हा काय वाटलं असेल ते सोडा, आज जगभर योगवाले जे सूर्यनमस्कार घालतात त्याच्या प्रसारात औंधचा वाटा मोठा आहे.

१९३८ : एकाच वर्षात दोन गोष्टी

संग्रहालय सुरू झालं १९३८ मध्ये. त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली आणि ती चित्रांपेक्षाही मोठी आहे.

बाळासाहेबांनी जाहीर केलं की सत्ता आता रयतेच्या हातात द्यायची. मुलगा आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेला इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि खुद्द महात्मा गांधी यांच्या सल्ल्यानं मसुदा झाला. जानेवारी १९३९ मध्ये औंध संस्थानाला स्वराज्याची घटना मिळाली. पाया गावपंचायतीचा. गावानं पंच निवडायचे, पंचायतीनं गावचा कारभार बघायचा, खालून वर सत्ता जायची. देशाला स्वातंत्र्य मिळायला आठ वर्षं बाकी होती आणि पंचायत राज कायदा तर फार पुढची गोष्ट. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैद्यांची वसाहत झाली. कैद्यांना बेड्या न घालता शेतीवर ठेवायचं. माडगूळकरांनी त्यावरच कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. पुढं प्रतिसरकारचं केंद्र झालेलं कुंडल याच संस्थानातलं, हेही विसरून चालणार नाही. इंग्रजांच्या पोलिसांना संस्थानी हद्दीत शिरणं तितकं सोपं नव्हतं. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

हा इतिहास आणि ते चित्रांचं घर एकमेकांपासून तोडून बघता येत नाही. ज्या राजाला वाटलं की गावच्या पाच माणसांना कारभार जमेल, त्यालाच वाटलं की गावच्या माणसाला चित्रही कळेल. संग्रह मुंबईला देऊन टाकला असता तर नाव मोठं झालं असतं. त्यानं तो डोंगरावर ठेवला, यमाईला येणाऱ्याच्या वाटेवर.

आता या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांचं चित्र बघा. मार्च २०२२ मध्ये सातारा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं निवडून आलेला एक सदस्य नसताना प्रशासकानं कारभार केला. सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. १९३९ मध्ये एका राजानं आपणहून खुर्ची खाली केली, त्याच मातीत लोकांना आपले सदस्य निवडायला कोर्टाची वाट बघावी लागली. संग्रहालयाचा विषय लांबचा वाटत असेल, पण मुद्दा तोच आहे. गावातल्या वस्तूवर, गावच्या कारभारावर गावाचं चालतं किती?

किंमत किती, हे गावाला माहीत आहे का?

लोक विचारतात, जुन्या चित्रांत एवढं काय आहे? पैशाच्या भाषेत सांगायचं तर ऐका. रविवर्म्याचं यशोदा आणि कृष्णाचं चित्र २०२३ मध्ये लिलावात ३८ कोटींना गेलं. हेन्री मूरचं एक मोठं ब्राँझ शिल्प २०१६ मध्ये लंडनला जवळपास अडीच कोटी पौंडांना विकलं गेलं, रुपयांत दोनशे कोटींच्या वर. औंधचं शिल्प लहान आहे, त्याला हाच भाव लावणं चुकीचं ठरेल आणि ते विकायचंही नाही. रविवर्म्याची चित्रं तर कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाहीत. मुद्दा एवढाच की खटाव तालुक्यातल्या एका इमारतीत जी चीज आहे ती बघायला परदेशात लोक तिकीट काढून उभे राहतात.

या किमतीमुळेच एक धोका तयार होतो. वस्तू मौल्यवान, जागा आडवळणी, बघणारे थोडे. अशा वेळी कुठल्याही सरकारी टेबलावर सहज सुचणारा उपाय म्हणजे वस्तू मोठ्या शहरात हलवा. तिथं सुरक्षा चांगली, वातानुकूलित दालन, पर्यटक जास्त. कागदावर हा उपाय बरोबर दिसतो. पण एकदा वस्तू 'काही दिवसांसाठी' गेली की परत येण्याची तारीख कोण विचारणार? विचारायला गाव जागं पाहिजे. आणि वर्षानुवर्षं जी वस्तू गावानंच पाहिलेली नाही तिच्यासाठी गाव भांडेल, ही अपेक्षा कशी ठेवायची? म्हणून औंधच्या माणसानं, पुसेसावळीच्या, वडूजच्या, मायणीच्या माणसानं तिथं जाऊन बघणं ही हौस नाही, एक प्रकारे राखण आहे.

माणूस दारावरून पुढे का जातो?

यमाई हजारो घरांचं कुलदैवत. पौषातल्या यात्रेला, नवरात्राला, मंगळवार-शुक्रवारी लोक येतात. मूळपीठावर जाणारी गाडी संग्रहालयाजवळूनच जाते. तरी बरेचजण दर्शन घेऊन तसेच खाली उतरतात. कारणं शोधायला फार लांब जायला नको.

एक तर चित्र बघायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांना उरलेला धडा संपवायला मिळालेला तास. किल्ल्यावर गेलं की गोष्ट समोर उभी राहते, इथं लढाई झाली, इथून उडी मारली. चित्रासमोर उभं राहिलं की गोष्ट सांगणारा लागतो. नुसता चित्रकाराचं नाव आणि साल लिहिलेला फलक असून भागत नाही. हेन्री मूरचं शिल्प तर असं आहे की न सांगता बघितलं तर माणूस म्हणेल, हे काय, दगड नीट घडवलाच नाही. पण आईनं लेकराला पोटाशी धरल्यावर दोघांचं मिळून जे एक गाठोडं होतं, ते त्यानं दगडात पकडलंय असं कुणी सांगितलं, तर कडेवर पोर घेऊन आलेल्या बाईला ते शिल्प कला-समीक्षकाच्या आधी कळेल.

दुसरं कारण व्यवस्थेचं. सरकारी संग्रहालयाचं तिकीट सरकारच्या तिजोरीत जातं. बाहेर चहाची टपरी टाकणाऱ्याला, रिक्षावाल्याला, खोली भाड्यानं देणाऱ्याला फायदा होईल तो माणसं आली तरच. माणसं आणायचं काम नक्की कुणाचं? संचालनालय म्हणेल आमचं काम वस्तू सांभाळणं. पर्यटन खात्याची नजर महाबळेश्वर, पाचगणी, कासकडे. ग्रामपंचायत म्हणेल ती सरकारची इमारत, आमचा काय संबंध. देवस्थानाचा निधी आला की रस्ता, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक. सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे आणि त्यात संग्रहालय मधल्या मध्ये राहतं.

तिसरं, हा मुलूखच बाहेर गेलेल्यांचा आहे. खटाव, माण, खानापूर, आटपाडीची किती घरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलीत, किती पोरं मुंबई-पुण्यात आहेत. गावी येणं यात्रेपुरतं, दोन दिवसांचं. त्यात देव, पाहुणे, शेताचा बांध एवढंच उरकतं. पण हीच माणसं चेन्नईत, दिल्लीत, कोलकात्यात मोठमोठी म्युझियम बघून येतात आणि फोटो स्टेटसला ठेवतात.

गावाला कला पेलत नाही, हे खोटं आहे

आपल्या लोकांना यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना औंधनंच उत्तर दिलेलं आहे. गायक अंतुबुवा जोशींनी राजाश्रयाच्या काळात, १९४० च्या सुमारास इथं गुरूच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी आणि पुढच्या पिढ्यांनी तो चालू ठेवला. संस्थान गेलं, राजा गेला, उत्सव राहिला. आजही देशातले नावाजलेले गवई औंधला येऊन गातात आणि पंचक्रोशीतले लोक मांडी घालून रात्रभर शास्त्रीय गाणं ऐकतात. त्यासाठी संचालनालय लागलं नाही. गाणं टिकलं, कारण ते दरवर्षी झालं आणि त्यात गावची माणसं राबली. चित्रं मात्र सरकारकडे गेली आणि गावानं हात झटकले. आता ताबा सरकारकडेच राहू दे, एवढ्या किमतीच्या वस्तू सांभाळणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही. पण चित्रांची गोष्ट सांगणं आवाक्यातलं आहे.

त्याला फार पैसा लागत नाही. शाळेच्या सहलीला एसटी सवलत देते, महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे. खटाव, माण, कोरेगाव तालुक्यांतल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेची एक सहल औंधला काढायची म्हटलं तर एका दिवसाचं काम. पाचवी ते आठवीच्या पोरांतून दहा-बारा जणांना चित्रांच्या गोष्टी शिकवल्या, तर यात्रेच्या दिवशी हीच पोरं येणाऱ्याला मराठीत, इथल्या बोलीत माहिती देतील. एका मोबाईलवर पाच मिनिटांचा आवाज भरून प्रत्येक चित्राखाली क्यूआर कोड लावता येईल. दुकानात पैसे द्यायला सगळेच आता कोड स्कॅन करतात. परवानगी मात्र खात्याची लागेल आणि ती मागायला कुणीतरी कागद घेऊन जावं लागेल.

खात्याकडूनही काही गोष्टी उघडपणे मागायला हव्यात. संग्रहात एकूण वस्तू किती, त्यातल्या मांडलेल्या किती आणि कोठारात किती, याची यादी मराठीत लोकांना बघायला मिळावी. गेल्या पाच वर्षांत किती माणसं येऊन गेली, किती पदं मंजूर आणि किती भरलेली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळू शकतं. कुठली वस्तू प्रदर्शनासाठी बाहेर गेली तर कधी गेली आणि कधी परत येणार, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे. ही मागणी काही कुणावर संशय म्हणून नाही. आपल्या घरातला दागिना लग्नाला कुणाला दिला, तरी आपण तारीख लक्षात ठेवतोच की.

आणि कार्यक्रम करायचाच असेल तर २४ ऑक्टोबरला करा. तो बाळासाहेबांचा जन्मदिवस. सूर्यनमस्कारावर दरवर्षी भाषणं होतात, त्या दिवशी चित्रांवरही होऊ देत.

ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. गावातल्या कुठल्याही मतदारानं ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज देऊन विषय मांडता येतो. '२६ जानेवारीची ग्रामसभा आणि पौषातली यात्रा' साधारण एकाच हंगामात येतात. सभेची नोटीस काही दिवस आधी लागते, त्यामुळे अर्ज त्याच्याही आधी गेला पाहिजे.